ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचा सांभाळ आणि शाळा: सर्वेक्षणाची आखणी तपासून हवी आहे

माळरान (धागाकर्ता)

समाजशास्त्रातल्या पीएच.डी.साठी क्षेत्रकामाची आखणी चालू आहे. विषय असा: आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना सांभाळतं कोण, आणि त्याचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो. क्षेत्र बीड जिल्ह्यातले शिरूर कासार, पाटोदा, आष्टी हे तालुके आणि शेजारचा पाथर्डी.

सध्याचा आराखडा:

- २० गावं, प्रत्येक गावात २० घरं, एकूण ४०० कुटुंबं. जानेवारीत एकच फेरी.
- मुलांचे तीन गट: आईबापांबरोबर फडावर (ऊस तोडायच्या शेतावर) गेलेली, आजी-आजोबांकडे मागं राहिलेली, हंगामी वसतिगृहातली (आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या मुलांसाठी गावात चालणारी सोय).
- सांभाळासाठी प्रश्न: "मुलांची काळजी मुख्यतः कोण घेतं?" आणि "रोज किती तास?"
- पालकांना शिक्षणात किती रस आहे, यासाठी दहा विधानं, प्रत्येकावर पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय.
- शिकण्याची पातळी 'असर' (मुलांना किती वाचता आणि गणित करता येतं हे घरोघरी जाऊन पाहणारं सर्वेक्षण) याच्या वाचन आणि गणित चाचणीने.

मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की नमुना पुरेसा आहे. मला स्वतःला जानेवारीबद्दल आणि गटांबद्दल शंका आहे. जाणकारांनी आराखडा निर्दयपणे फाडावा.

---

ओसरी

शंका रास्त आहे. जानेवारीत गावात गेलात तर ज्यांचा अभ्यास करायचा तीच घरं कुलूपबंद मिळतील. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दसऱ्यानंतर टोळ्या हलू लागतात, दिवाळीनंतर गाव रिकामं होतं. कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायचं, ही सर्वेक्षणातली नेहमीची सूचना. इथे ती पाळलीत तर नवरा-बायको दोघं गेलेलं घर गळेल आणि म्हातारी माणसं मागं असलेलं किंवा ऊसतोडीला न जाणारं घर त्याच्या जागी येईल. नमुना ४०० चाच राहील, पण तो भलत्याच लोकांचा असेल.

सरकारी आकडे वापरणार असाल तर तिथेही हीच गंमत आहे. शाळांच्या यूडायस माहितीची (सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेकडून गोळा करतं ती) संदर्भ तारीख परंपरेने ३० सप्टेंबर. त्या दिवशी ही सगळी पोरं गावातच असतात, पटावरही आणि वर्गातही. त्यानंतर महिनाभरात वर्ग अर्धा होतो, पण त्या आकड्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून पटसंख्या घेऊ नका, हजेरीपत्रक बघा. जुलै ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी अशा दोन तिमाहींची प्रत्येक मुलाची हजेरी शेजारी-शेजारी उतरवून घ्या. फडावर गेलेल्या मुलाची हजेरी कागदावर भरलेली दिसली तर ती चूक म्हणून खोडू नका. शाळेच्या नोंदी किती विश्वासाच्या आहेत हे मोजण्याची ती एक वेगळी संधी आहे.

आता 'कुटुंब' म्हणजे काय. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची व्याख्या एका चुलीची आहे: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकात जेवणारी माणसं. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस घरातलाच धरतात, सहा महिने किंवा त्याहून जास्त असेल तर वगळतात. ऊसतोडीचा हंगाम नेमका या रेषेवर पाय देऊन उभा आहे. टोळी पाच महिन्यांत परतली तर आईबाप घरात मोजले जातात, साडेसहा महिने लागले तर जात नाहीत. २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतराची व्याख्याही महिना किंवा त्याहून अधिक पण सहा महिन्यांहून कमी अशीच होती. त्यामुळे लांब हंगाम करणारे लोक ना धड घरातले, ना धड अल्पकालीन स्थलांतरित.

त्यात हंगामात एका घराच्या दोन चुली होतात. एक आजीची गावात, एक कोपीवरची (तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीतली) फडात. शिधापत्रिका एकच. तुमच्या प्रश्नावलीत 'घरातील व्यक्ती' हा तक्ता चुलीवर बेतू नका, मुलावर बेता. नमुन्याचं एकक मूल. त्या मुलाशी बांधलेली माणसं मग कुठेही असोत.

तीन गटांचंही तेच. मूल वर्षभर एका गटात राहत नाही. दिवाळीला आईबरोबर गेलं, संक्रांतीला मामाने आणून सोडलं, शिमग्याला पुन्हा गेलं. उपाय म्हणजे 'मूल-महिना' तक्ता. प्रत्येक मुलाची एक ओळ, जून ते मे बारा रकाने. इंग्रजी महिने विचारू नका. पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा, पाडवा या खुणांवर माणसं बरोबर सांगतात. प्रत्येक रकान्यात चार गोष्टी:

- मूल कोणत्या ठिकाणी होतं (गाव, फड, वसतिगृह, नातेवाईक, आश्रमशाळा)
- रात्री कोणाजवळ झोपत होतं
- जेवण कोण रांधत होतं
- शाळेत जात होतं का, आणि कुठल्या

दुसरा आणि तिसरा प्रश्न वेगळे ठेवणं महत्त्वाचं. हंगामी वसतिगृह अनेक गावांत 'वसतिगृह' नावालाच असतं: पोरं दोन वेळचं जेवण तिथे घेतात आणि झोपायला आजीकडे किंवा चुलत्याकडे जातात. तुमच्या तिसऱ्या गटातलं मूल दुसऱ्या गटातही असतं ते असं. याउलट ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवान बाबा योजनेतली शासकीय वसतिगृहं तालुक्याच्या ठिकाणची आणि खऱ्या अर्थाने निवासी. त्या दोन्हींना एकच कोड देऊ नका.

घरांची यादी स्वतः करा. ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी होते, ओळखपत्रंही देतात, पण नोंद न झालेले बरेच असतात आणि तेच बहुधा सर्वांत अडचणीतले. ऑगस्टमध्ये निवडलेल्या गावातलं प्रत्येक घर फिरून यादी करावी लागेल. दोघांची जोडी दिवसाला साठ-सत्तर घरं करू शकते. वाड्या आणि तांडे सोडू नका. ते गावठाणापासून लांब असतात आणि गावाच्या नकाशावर फिरणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतात.

---

दशांश

नमुन्याच्या आकड्याबद्दल थोडक्यात.

एका गावातली मुलं एकाच शाळेत जातात, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. त्यामुळे एकाच गावातली २० घरं म्हणजे २० वेगवेगळ्या माहित्या नव्हेत. हिशेब असा: १ + (गावातील घरं − १) × साम्याचा गुणांक. शिकण्याच्या पातळीसाठी हा गुणांक ०.२ धरणं काही जास्त नाही. मग १ + १९ × ०.२ = ४.८. तुमची ४०० घरं संख्याशास्त्राच्या दृष्टीने सुमारे ८३ घरांइतकी. तीच ४०० घरं ४० गावांत प्रत्येकी १० अशी वाटलीत तर १ + ९ × ०.२ = २.८, म्हणजे सुमारे १४३. प्रवास वाढेल, पण घरांची संख्या न वाढवता हाती येणारी माहिती पावणेदोन पट.

दुसरं गणित. एका गटात ५० टक्के मुलं गोष्ट वाचू शकतात आणि दुसऱ्यात ६५ टक्के, एवढा फरक पकडायचा असेल तर साध्या यादृच्छिक नमुन्यातही प्रत्येक गटात साधारण १७० मुलं लागतात (५ टक्के सार्थकता, ८० टक्के शक्ती). गावांच्या गुच्छांमुळे ती संख्या आणखी फुगते. तुमचे तीन गट, त्यात मुलगे-मुली वेगळे, त्यात वयोगट. चारशेत हे बसत नाही. एकतर वयोगट आवळा, म्हणजे फक्त इयत्ता ३ री ते ५ वी, किंवा प्रश्न कमी करा. एकाच गावातल्या दोन गटांची तुलना केलीत तर गुच्छाचा तोटा बराच कमी होतो, कारण शाळा आणि गाव दोघांना समानच असतात. म्हणून तिन्ही प्रकारची मुलं जिथे सापडतील अशी गावं ऑगस्टच्या यादीवरून निवडा. मात्र मग निष्कर्ष 'जिल्ह्याचा' म्हणून सांगता येणार नाही.

---

हाकेवर

सांभाळाचे दोन्ही प्रश्न काढून टाका.

"काळजी मुख्यतः कोण घेतं?" याला शंभरातली नव्वद घरं "आई" म्हणतील, आई दोनशे किलोमीटरवर ऊस तोडत असली तरी. हे उत्तर खोटं नाही. प्रश्न माया कोणाची असं विचारतो आणि तुम्हाला हवं असतं काम कोणाचं. "रोज किती तास?" याचं उत्तर तर कोणालाच देता येत नाही. आजी भाकरी थापते, शेळी बांधते, आणि त्याच वेळी नातवावर डोळा असतो. तिच्या लेखी ते कामच नाही, मग ती तास कुठून सांगणार?

देशपातळीवरच्या वेळ-वापर सर्वेक्षणाची रीत माहीत असलेली बरी. २०१९ च्या सर्वेक्षणात सहा वर्षांवरील प्रत्येकाला आदल्या दिवशी पहाटे ४ पासून चोवीस तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत विचारला. एका कप्प्यात एकाहून अधिक कामं नोंदवता येतात. घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्यात स्त्रियांची सरासरी १३४ मिनिटं आणि पुरुषांची ७६ आली. हे आकडे लेखांत सर्रास चुकीचे वापरले जातात. ही सरासरी फक्त त्या दिवशी ते काम केलेल्यांची आहे. केलेल्यांचं प्रमाण स्त्रियांत २७.६ टक्के, पुरुषांत १४. सगळ्या स्त्रियांवर वाटली तर ३७ मिनिटं, सगळ्या पुरुषांवर वाटली तर ११ च्या आत. तुमचे आकडे या आकड्यांशेजारी मांडणार असाल तर कुठली सरासरी ते आधी ठरवा, नाहीतर १३४ शी ३७ ची तुलना होऊन बसेल.

तुमच्या कामासाठी मी सांभाळणाऱ्याची डायरी न घेता मुलाची डायरी घ्यायला सांगेन. ४८ अर्धे तास, पहाटे ४ ते पहाटे ४. प्रत्येक कप्प्यात तीनच रकाने: मूल कुठे होतं, काय करत होतं, आणि हाकेच्या अंतरावर सगळ्यांत मोठं माणूस कोण होतं. तिसरा रकाना खरा कामाचा. तिथे 'थोरली बहीण, वय ९' असं लिहिलं जायला लागलं की सांभाळ कोणाच्या अंगावर आहे ते दिसतं. फडात आईबाप ऊस तोडतात, पाळण्यातलं मूल सरीच्या कडेला झोळीत, आणि झोळीला झोका देणारी पोर शाळेच्या पटावर चौथीत. 'मुख्य सांभाळकर्ता: आई' या उत्तरात ती पोर कुठेच नसते.

घड्याळ विचारू नका. पहिली एसटी, दूध डेअरीवर घालायची वेळ, शाळेची घंटा, देवळातली आरती, लाइट येण्या-जाण्याची वेळ, अशा खुणांची प्रत्येक गावासाठी एक पट्टी आधी बनवा आणि त्यावर कप्पे बसवा. फडाची पट्टी वेगळी: पहाटे फडावर निघणं, मोळ्या बांधणं, वाहन भरणं, कोपीवर परतणं. एका मुलाच्या डायरीला अर्धा तास धरा. दहा वर्षांच्या वरच्या मुलाला स्वतःलाही विचारा आणि दोन्ही नोंदी ठेवा. फरक सर्वांत जास्त पडतो तो घरकामाच्या रकान्यात: मोठी माणसं मुलीचं काम 'खेळत होती' म्हणून सांगतात.

रविवार आणि बाजाराचा दिवस यांची डायरी वेगळी खूण करून ठेवा. सगळ्या मुलाखती रविवारी उरकल्या, कारण अन्वेषक कॉलेजची पोरं होती, तर तुमच्या नमुन्यात कोणीच शाळेत जाणार नाही.

---

माळरान

ओसरी, दशांश, हाकेवर, मनापासून आभार. मुलाची डायरी आणि मूल-महिना तक्ता दोन्ही घेतो. फेऱ्या आता तीन असाव्यात असं दिसतंय: ऑगस्ट-सप्टेंबर, जानेवारी-फेब्रुवारी (फडावर आणि गावात), आणि जून-जुलै. दोन प्रश्न उरतात. फडावरची कुटुंबं शोधायची कशी? आणि 'असर' चाचणी तीनदा घेतली तर चालेल का? शिवाय, एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एक नेलं आणि एक मागं ठेवलं अशी घरं बरीच आहेत. त्यांची तुलना केली तर घराची परिस्थिती आपोआप समान धरली जाईल, बरोबर?

---

दशांश

भावंडांचं: अर्धंच बरोबर. घरची गरिबी, आईचं शिक्षण, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती घेतली, हे समान झालं. पण कोणाला न्यायचं आणि कोणाला ठेवायचं ही निवड आईबाप चिठ्ठ्या टाकून करत नाहीत. अभ्यासात बरा असलेला मुलगा मागं, तान्ह्याला सांभाळण्याजोगी मुलगी बरोबर. बारा-तेराची मुलगी असेल तर तिला मागं ठेवायला आईबाप घाबरतात, मग तीही बरोबर. म्हणजे तुलना सुरू होण्याआधीच फरक पेरलेला. ऑगस्टच्या फेरीतली पातळी हातात असेल तर निदान हे तपासता येतं: जाण्यापूर्वीच दोघांत किती अंतर होतं? ते वजा करून मग हंगामातली वाढ बघा.

हंगामी तुलनेची जुनी परंपरा आहे, तिचा फायदा घ्या. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये १९८२ पासून समाजशास्त्रज्ञ डोरिस एंटविसल आणि कार्ल अलेक्झांडर यांनी मुलांची पातळी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा मोजली. त्यामुळे शाळेच्या महिन्यांतली वाढ आणि उन्हाळी सुट्टीतली वाढ वेगळी काढता आली. गरीब आणि सुस्थित मुलांमधली दरी शाळा चालू असताना फारशी रुंदावत नाही, सुट्टीत रुंदावते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांची सुट्टी दोन-तीन महिन्यांची, तुमच्या मुलांचा खंड पाच-सहा महिन्यांचा. तीन फेऱ्यांनी तुम्हाला दोन टप्पे मिळतील: हंगामातला आणि नंतरचा. नंतरच्या टप्प्यात मे महिन्याची सुट्टी सगळ्यांचीच, हे मांडताना विसरू नका.

पण त्या निष्कर्षाचं पुढे काय झालं तेही वाचा. २०१९ मध्ये पॉल फॉन हिप्पेल आणि केटलिन हॅमरॉक यांनी दाखवलं की सुट्टीत दरी किती वाढते हे चाचणीचे गुण कोणत्या मोजपट्टीवर बसवले यावर बरंच अवलंबून आहे. मोजपट्टी बदलली की निष्कर्ष डळमळतो. तुम्हाला हा धोका जास्त आहे, कारण 'असर'ची पट्टी पाच पायऱ्यांची: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'अक्षर ते शब्द' आणि 'परिच्छेद ते गोष्ट' या दोन उड्या सारख्या आहेत असं धरून सरासरी काढू नका.

---

ओसरी

चाचणीबद्दल दशांश यांच्या मुद्द्यात भर.

ती चाचणी आहे छान आणि स्वस्त. घरी घेतली जाते, त्यामुळे शाळेत गैरहजर मूल सुटत नाही. पण वरची पायरी इयत्ता दुसरीच्या गोष्टीची. सहावी-सातवीचं मूल एकदा तिथे पोहोचलं की पुढची सगळी वाढ किंवा घसरण तुम्हाला दिसणारच नाही. म्हणून दशांश म्हणतात तसं तिसरी ते पाचवीवर थांबा, आणि पायरीबरोबर एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्दही मोजा. मोबाइलवर ६० सेकंदांचा गजर लावा, चुकलेल्या शब्दावर रेघ मारा, शेवटच्या शब्दापाशी खूण करा. पायरी तीच राहिली तरी ३८ शब्दांवरून २९ वर आलेलं मूल यात पकडलं जातं.

तीन फेऱ्यांना चाचणीचे तीन वेगळे नमुने वापरा. तीच गोष्ट पुन्हा दिलीत तर पोरं पाठ म्हणतात, आणि गावात राहिलेली पोरं आपसात जास्त पाठ करतात, म्हणजे चूकही एका बाजूला झुकलेली. नियम काटेकोर ठेवा: परिच्छेदापासून सुरुवात, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तरच ती पायरी, अक्षरांनाही तोच नियम. गणितात हातच्याची दोन वजाबाकीची उदाहरणं दोन्ही बरोबर हवीत, मगच भागाकार. अन्वेषकांना दयाबुद्धी सोडायला शिकवणं हे प्रशिक्षणातलं सर्वांत अवघड काम. "तिला येतंय, लाजतेय" म्हणून पायरी चढवून देणारे बरेच असतात. दर दहा मुलांमागे एकाची चाचणी दुसऱ्या अन्वेषकाने त्याच आठवड्यात पुन्हा घ्यावी.

तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी (बंजारा बोली) असते. कर्नाटकातल्या फडावरून आलेल्या मुलाने मधले महिने मराठी छापील अक्षर पाहिलेलंही नसतं. घरची भाषा आणि हंगामातलं राज्य हे दोन रकाने हवेतच.

---

रुळावर

फडावरची माणसं शोधण्याबद्दल.

मुकादमामार्फत (टोळी जमवणाऱ्या मध्यस्थामार्फत) जाऊ नका. पत्ता त्याला माहीत असतो, पण उचल त्याने दिलेली असते. त्याने बोलावून बसवलेली बाई त्याच्यादेखत काय सांगणार? शिवाय 'मुलं कामाला लावतो का' हे तपासायला आलात असं त्याला वाटलं की टोळीतली पोरं त्या दिवशी दिसणारच नाहीत.

ऑगस्टच्या फेरीतच प्रत्येक घरातून तीन फोन नंबर घ्या: स्वतःचा, गावात मागं राहणाऱ्या नातेवाइकाचा, टोळीच्या ट्रॅक्टरवाल्याचा. हंगामात रिचार्ज संपून स्वतःचा नंबर बंद पडणं नित्याचं, दुसरा नंबर त्यासाठी. कारखान्याचं नाव आणि वाहनाचा प्रकार लिहून घ्या, कारण बैलगाडीची टोळी सहसा कारखान्याजवळच्या तळावर राहते, ट्रक-ट्रॅक्टरची टोळी लांबच्या शिवारांत फिरत असते. कोणती टोळी आज कुठल्या फडात आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला (शिवारात तोडीवर देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याला) पक्कं ठाऊक असतं. महिन्यातून एकदा आजीला फोन करून "आता कुठं आहेत?" विचारलंत तर अर्धं काम तिथेच होतं.

मुलाखतीची वेळ: पैसे टनावर मिळतात आणि टन पूर्ण टोळीचा मोजला जातो. एका बाईला तासभर बसवलंत तर मोळ्या बांधणारे हात कमी पडतात आणि नुकसान सगळ्यांचं होतं, तिला बोलणीही खावी लागतात. कारखान्यात गव्हाणीवर (ऊस उतरवण्याच्या जागी) वाहनांची रांग लागली किंवा गाळप बंद पडलं की टोळी कोपीवर असते. त्या दिवसासाठी तयार राहा. मुलाखतीचे दोन तुकडे करा: डायरी एकदा, चाचणी दुसऱ्यांदा.

गळती होणारच. तिसऱ्या फेरीला जी मुलं सापडली नाहीत त्यांची ऑगस्टमधली पातळी, आईचं शिक्षण, उचलीची रक्कम ही सापडलेल्यांशी ताडून तक्ता द्या. 'इतके टक्के गळाले' एवढंच लिहून भागत नाही.

आता नाजूक गोष्ट. मुलाची चाचणी आणि डायरी यासाठी पालकाची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही घ्या. मूल मागं असेल तर ऑगस्टमध्येच, आईबाप गावात असताना संमती घेऊन ठेवा. जानेवारीत आजीचा अंगठा पुरेसा आहे असं समजू नका. या भागात बालविवाह होतात आणि तुमच्या डायरीत पंधरा वर्षांची 'सून' येऊ शकते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकाला सूट नाही. तेव्हा गुप्ततेचं वचन देताना 'काहीही झालं तरी कोणाला सांगणार नाही' असं वाक्य लिहूच नका. कुठल्या परिस्थितीत काय करणार ते नीतिमत्ता समितीपुढे आधीच लेखी ठेवा, चाइल्डलाइनचा १०९८ अन्वेषकांच्या ओळखपत्राच्या मागे छापा.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्यापासून इथल्या बायकांनी प्रश्न विचारणारे पुष्कळ पाहिले आहेत. तुमच्या विषयाला गरज नसेल तर आरोग्याचे प्रश्न घालू नका.

---

हाकेवर

'पालकांचा रस' मोजणारी ती दहा विधानं अजून आराखड्यात असतील तर तीही जाऊ द्या. "मुलीने शिकलं पाहिजे" याला असहमत म्हणणारा माणूस अन्वेषकासमोर मिळत नाही. सगळे 'पूर्ण सहमत' येतील आणि मग फरक पडतो कशाने हे कळायला मार्ग उरणार नाही.

अमेरिकेत अ‍ॅनेट लारो यांनी ८८ मुलांच्या कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या, त्यातल्या १२ कुटुंबांत जाऊन त्यांचं रोजचं जगणं पाहिलं. मध्यमवर्गीय घरांत मुलांचा दिवस ठरवून आखलेला असतो, कष्टकरी घरांत मूल आपसूक वाढेल असं मानतात, हा त्यांचा ढोबळ भेद. इथे तो जसाच्या तसा आणलात तर शिकवणी, छंदवर्ग, खेळाचा क्लास हे सगळे रकाने शून्य येतील आणि निष्कर्ष निघेल 'पालक उदासीन'. त्यांच्या कामातून घ्यायचा तो दुसरा धागा: शाळेशी बोलतं कोण, आणि कुठल्या जोरावर.

तो इथे असा विचारता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. हंगामी वसतिगृह चालवण्याची जबाबदारी याच समितीवर येते. आणि वसतिगृह चालतं नेमकं त्या महिन्यांत, जेव्हा ज्यांची मुलं तिथे जेवतात ते पालक फडावर असतात. तेव्हा सदस्यांची यादी घ्या, प्रत्येकासमोर 'डिसेंबरमध्ये गावात होता/होती का' एवढा एकच रकाना भरा, बैठकांचं इतिवृत्त त्याशेजारी ठेवा. दहा विधानांपेक्षा हा एक तक्ता जास्त सांगेल.

आणि खर्च विचारताना शुल्क, वह्या, गणवेश एवढ्यावर थांबू नका. मूल मागं ठेवायलाही पैसे लागतात: चुलतीला पोतंभर ज्वारी, दुकानात उधारीची मर्यादा बांधून जाणं, आजीची बुडालेली मजुरी. आणि जी आई मुलांसाठी गावात थांबते तिच्या घरचा कोयता (नवरा-बायकोची तोडणीची जोडी) अर्धा होतो, उचलही त्याच हिशेबाने कमी. सरकारी शाळेतलं 'मोफत' शिक्षण या घराला केवढ्याला पडतं ते इथे दिसेल.

---

माळरान

सगळं उतरवून घेतलं. सुधारित आराखडा: ४० गावं, प्रत्येकी १० मुलं, इयत्ता ३ री ते ५ वी, ऑगस्टमध्ये घरयादी, तीन फेऱ्या. दहा विधानं रद्द. एक शेवटचं: पथदर्शी चाचणी किती मुलांवर आणि कुठे?

---

ओसरी

नमुन्यात नसलेल्या दोन गावांत आणि एका तांड्यावर, मिळून तीसेक मुलं. जुलैतच करा, म्हणजे प्रश्नावली छापायला वेळ मिळेल. फडाची पट्टी मात्र जुलैत तपासता येणार नाही. ती दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात जवळच्या एखाद्या तळावर पाच-सहा मुलांवर वापरून बघा, आणि जानेवारीपर्यंत फडाची डायरी छापूच नका.

---

रुळावर

+१. शिवाय त्या तळावर जाताना पुस्तकं-वह्यांचं वाटप वगैरे बरोबर नेऊ नका. दुसऱ्या दिवशी आसपासच्या तळांवरची पोरं तिथे जमतील आणि कोण कुठलं हे तुम्हालाच ओळखू येणार नाही.